पडण्याचा वर्ग

म्हणजे आता मलाच सांगायला लावणार तर. पत्र लिहिणारा एक, ते वाचून माना हलवणारे सात, आणि तोंड कोणी वाजवायचं — मी. बरं आहे. बसा, त्या बाकावर बसा, आणि चपला तिकडे दाराशी काढा — नाही, गादीवर चपलेचा पाय नको, तुम्ही समितीच्या बाई असा नाहीतर समितीच्या आई असा, इथे सगळ्यांचे पाय उघडे. मी बसत नाही. मला बसून बोलता येत नाही आणि आज तर नाहीच नाही, कारण या गाद्या कोणी लावल्यात त्याला शोधतोय मी. ही फट बघितली? बोटभर आहे. यात पोराच्या पायाचा अंगठा अडकला की पाय इथे राहतो आणि अंग तिकडे जातं. तीन आठवडे मला येऊ देत नाहीयेत तर ही तऱ्हा. तुम्ही विचारा, मी या गुडघ्याने ढकलत ढकलत बोलतो — फटी बुजवल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायचं नाही.

लिहा. नाव तुमच्याकडे आहे. वय एकाहत्तर, ते पत्रात ठळक अक्षरात आहे म्हणे. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. धंदा — गोदामात पोती वाहिली, आता गुडघे वाहतो. इथे काम — नव्या पोरांना पडायला शिकवणं, छत्तीस वर्षं. माझा वर्ग काढून घ्या म्हणणारं पत्र कोणाचं, तर इथल्या ज्युदोच्या कोचचं. कोच माझा कोण, हे विचारू नका, सबंध गावाला माहीत आहे, पण लिहायचंच असेल तर लिहा — मुलगा. एकुलता. आणि त्या दिवशी काय झालं ते दोन ओळींचं काम आहे. त्याच्या पोरीला, म्हणजे माझ्या नातीला, साडेचार वर्षांची आहे, तिला कडेवर घेऊन मी घरचा जिना उतरत होतो. पोर वळवळली, निसटली, खालच्या पायरीवर पडली, मनगट मोडलं. लिहिलंत? झालं. पोरं वळवळतात. त्यात माझ्या वयाचा काय संबंध आणि या वर्गाचा काय संबंध, ते तुमच्या सात जणांना शुक्रवारच्या बैठकीत विचारा.

काय? वर्गात काय करतो ते पण लिहायचंय? म्हणजे सातांतल्या एकालाही ठाऊक नाही? मग ही माणसं दर वर्षी हार घालून घेतात ती कशाबद्दल?

बरं, ऐका. लोकांना वाटतं ज्युदो म्हणजे मारामारी. माझी बायको होती तोवर तिलाही तेच वाटायचं, शेजारणीला सांगायची, हे रोज संध्याकाळी मार खायला जातात. इथे कोणी कोणाला मारत नाही. बुक्की नाही, लाथ नाही. धरायचं आणि पाडायचं, बस्स. आणि पाडायचं तेही जोर लावून नाही — तिथेच तर सगळी गंमत आहे. समोरच्याने ढकललं की आपण ढकलायचं नाही, मागे सरायचं. तो सगळा जोर घेऊन येतो, त्याला वाटतं भिंत आहे, आणि भिंत जाते बाजूला. मग तो त्याच्याच जोराने पडतो, आपण फक्त वाट दाखवायची. त्या जपानी शब्दाचा अर्थच तसा आहे, नरमाईची वाट, असं मास्तर सांगायचे. मी आणि नरमाई — हसा, हसा, बायकोही हसायची.

मास्तर म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस. एवढासा. जाड चष्मा, बोटं काळी, वजन माझ्या एका पोत्याइतकं. मी तेव्हा पंचवीस-सव्वीसचा, या खांद्यावर एक आणि त्या खांद्यावर एक पोतं घेऊन जिना चढणारा. इथे गाद्या पोचवायला आलो होतो हो, शिकायला नव्हे. जाड कॅनव्हासच्या, पेंढा भरलेल्या, एकेक गादी दोघांनी उचलायची, मी एकटा उचलत होतो. मास्तर म्हणाले, एवढी ताकद आहे तर मला या रेषेच्या पलीकडे ढकलून दाखव. मला हसू आलं, म्हटलं चष्मा काढा, फुटेल. नाही काढला. मी ढकललं, आणि पुढचं जे दिसलं ते छत. तिथे, त्या पंख्याच्या बाजूला तेव्हा गळतीचा डाग होता, कुत्र्याच्या तोंडासारखा. तो डाग मी पुढे तीन महिने रोज पाहिला, दिवसातून शंभर वेळा.

कारण तीन महिने त्यांनी मला दुसरं काही शिकवलंच नाही. फक्त पडणं. मी भांडायचो, म्हणायचो पडता मला आईच्या पोटातनं येतं, पाडायला शिकवा. ते म्हणायचे, तुला येतं ते आपटणं. आणि खरं होतं ते. बघा, माणूस मागे पडायला लागला की काय करतो? हात मागे टेकतो. सगळं वजन त्या एका मनगटावर, आणि मनगट जातं. नाहीतर मान सैल सोडतो आणि डोकं आपटतं. म्हणून हनुवटी छातीला लावायची, पाठ अशी वाटीसारखी गोल करायची, आणि अंग जमिनीला लागायच्या बरोबर त्याच क्षणी हात — सबंध हात, खांद्यापासून बोटांपर्यंत — असा थाडकन गादीवर चापटायचा. ऐकलात आवाज? धक्का सगळा हात खातो, पाठीला काही येत नाही. हेच. छत्तीस वर्षं मी पोरांना एवढंच शिकवलं. पाडायला शिकवणारे दुसरे आहेत, ते मोठे लोक, त्यांचे फोटो भिंतीवर आहेत. माझा फोटो कुठे नाही, पण त्या फोटोंतल्या एकाचंही डोकं फुटलेलं नाही, ते माझ्यामुळे.

थांबा, ही एक फट राहिली.

तर मास्तरांचं काय होतं — गादीवर पडता आलं म्हणजे आलं असं ते मानायचे नाहीत. गादीवर माणूस तयार असतो, म्हणायचे. मी माठातलं पाणी पीत असलो की मागून गुडघ्यात टिचकी. दारातून आत येत असलो की बाही खेचली. एकदा खुर्चीवर बसायला गेलो तर खुर्चीच मागे. शिव्या देत पडायचो. आणि मग एक दिवस असा आला की मी पडलो, आवाज झाला, उठलो, आणि तेव्हा मला कळलं की मी पडलो होतो. मास्तर म्हणाले, आता हात जागा झाला. आता तो तुला विचारणार नाही. पेढे वाटावेत तसं तोंड केलं होतं त्यांनी, आणि मीही खुळा, दोन दिवस हातच बघत होतो.

आणि खरंच विचारत नाही हो. गोदामात ट्रकला फळी लावायचे, फलाटावरून ट्रकमध्ये जायला. एकदा पाऊस झालेला, फळी निसरडी, माझ्या छातीशी पोतं कवटाळलेलं, आणि पाय गेले. पुरुषभर उंचीवरून खाली दगडावर आलो. आजूबाजूचे ओरडले, मेला म्हणाले. मी उठून कपडे झटकले. हात तेवढा दुखत होता. पोतं मात्र तिकडे जाऊन फुटलं, सगळा माल चिखलात, आणि मुकादम माझ्यावर खेकसतोय — पोतं का सोडलंस? मी म्हटलं, मी नाही सोडलं. सुटलं. तो म्हणाला, दोन्ही हातांनी धरलेलं पोतं आपोआप सुटतं का रे? आता त्या बैलाला काय समजावणार, की अरे बाबा, मी धरूनच ठेवलं होतं, हाताने सोडलं, मला न विचारता —

असं काय बघताय? लिहायचं थांबलात का? पोतं वेगळं आणि पोर वेगळी. ते मी आपलं सहज सांगितलं, ते लिहू नका. मला काय कळत नाही का पोत्यातला आणि नातीतला फरक. पोरीला मी जन्मल्यापासून धरतोय, तिच्या आईला विचारा, रात्रंदिवस रडायची तेव्हा कोणाकडे गप्प व्हायची. ही खिडकी कोणी उघडी ठेवली, धूळ येते सगळी गादीवर.

कुठल्या कडेवर होती? डाव्या. नेहमी डाव्याच. उजव्या हातात कठडा होता. घट्ट धरला होता, मी काय बेसावध उतरत नव्हतो, पत्रात काहीही लिहू देत. जिना धुतलेला होता, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी साबणाचं पाणी तसंच सोडलेलं, मला वरून दिसलं नाही. पाय निघाले ते दोन्ही एकदम, पुढे. कठडा या हातातून सुटला नाही, उलट खांदा असा पिरगळला, अजून वर जात नाही बघा, इथवरच. आणि मी पाठीवर. आता तुम्ही मला सांगा बाई, दगडी पायऱ्या आहेत, एकाहत्तर वर्षांचा माणूस, उताणा पडतो — काय मोडायला पाहिजे? डॉक्टर मला म्हणाला, आजोबा, तुमच्या वयाला खुबा जातो, नाहीतर डोकं, तुम्हाला साधा ओरखडा नाही कसा. मी त्याला सांगितलं कसा. हनुवटी लागली होती. पाठ गोल होती. हात बरोबर वेळेला चापटला. इतकं चांगलं मी आयुष्यात पडलो नाही, मास्तर असते तर —

कुठला हात म्हणजे?

उजवा तर कठड्याला होता. आत्ताच सांगितलं ना मी.

लिहू नका जरा. पेन ठेवा खाली.

हा बघा. डावा. ही खूण पायरीच्या कडेची, इथे कातडं फाटलं होतं, तीन आठवडे झाले तरी पुरतं भरलं नाही. म्हातारपणी भरत नाही लवकर. मूठ मिटून फिरतोय तेव्हापासून, कोणी विचारलं तर सांगतो सांधे धरलेत.

वळवळली नव्हती ती. ती गाणं म्हणत होती, माझ्या कानात, बोबडं काहीतरी, पायऱ्या मोजायचं. अगदी स्थिर होती. पोर म्हणून इतकं शहाणं असू नये. माझे पाय गेले, आणि त्या हाताने तिला सोडलं आणि पायरीवर चापट मारली. मला वाचवायला. मी सांगितलं नव्हतं. मी त्या वेळी काही म्हणत असेन तर एवढंच म्हणत होतो की पोरीला धर, पण हात शिकलेला, तो कुठे ऐकतो. आवाज झाला तेव्हा मला कळलं की तो मोकळा आहे. आणि ती खाली गेली तेव्हा तिने काय केलं — हात टेकला. सरळ हात. जे मी छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना सांगतोय करू नका म्हणून, तेच. तिला कोण सांगणार, तिला अजून वर्गात घेतलं नव्हतं, पाच पुरी झाली की घेणार होतो.

नाही, पाणी नको मला. बसा तुम्ही.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं. सून उभी, मुलगा उभा, पोर हमसून हमसून रडतेय, आणि माझ्या तोंडातून निघालं — वळवळली. बाई, देवाशपथ, मी ठरवून नाही बोललो. हाताला शिकवायला तीन महिने लागले होते, तोंडाला कोणी कधी शिकवलं कोण जाणे, पण तेही तसंच, अंग जमिनीला लागायच्या आत आपलं आपण वाचलं. आणि एकदा निघाल्यावर मी ते परत घेतलं नाही. ते मात्र ठरवून. कारण पुढे मुलाचं पत्र गेलं समितीकडे आणि मला वाटलं, पोर वळवळली म्हटलं तर वर्ग राहतो, मी सोडली म्हटलं तर मला गाद्या झाडायलाही ठेवणार नाहीत. संध्याकाळी पाच वाजता कुठे जायचं मग मी? घरात पाच वाजता नुसता नळ ठिबकतो. तर साडेचार वर्षांच्या पोरीवर घातलं सगळं. तिला काय, ती लहान आहे, विसरेल — असं मी स्वतःला सांगायचो.

सूनबाईने तिला रागे भरलं. भरणारच. आजोबांच्या कडेवर असलं की हलायचं नाही, बघितलंस काय झालं. आणि मग दुसऱ्या आठवड्यात तिला माझ्याकडे आणलं, प्लास्टर गळ्यात अडकवलेलं, आणि ती अशी दारात उभी राहिली, इथे कसं गादीवर यायच्या आधी वाकून नमस्कार करतात ना, तसा केला, बापाचं बघून शिकलीय. आणि म्हणाली, "आजोबा, मी पुन्हा नाही वळवळणार. मला घ्याल?"

मी म्हटलं, "बरं."

बरं म्हटलं मी. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हाच हात. ती बिचारी आठवून आठवून बघत असेल, आपण नक्की कधी वळवळलो, आणि तिला सापडत नसेल, आणि तरी माफी मागतेय, कारण मोठं माणूस म्हणालंय. मी पोती वाहिली आहेत बाई, पण असं वजन नाही उचललं कधी. तेव्हापासून झोप म्हणून नाही. दिवसा एका जागी बसवत नाही. फटी बुजवत फिरतोय.

आता मुलाचं ऐका, ते राहिलं. तो इथला सगळ्यात चांगला, मी बाप म्हणून नाही सांगत, मी तर त्याला तोंडावर कधी चांगलं म्हटलेलं नाही. त्याचं काय चांगलं, तर बाही. आपण माणूस पाडला ना, की त्याची एक बाही आपल्या मुठीत राहिली पाहिजे, शेवटपर्यंत, आणि तो खाली जाताना ती जराशी वर ओढायची. तेवढ्याने त्याचं डोकं जमिनीपासून वर राहतं. पाडायचं पण आपटू द्यायचं नाही — ज्याला हे जमलं नाही त्याला कितीही काळा पट्टा द्या, तो नुसता दांडगट. माझ्या मुलाने आजवर एकाची बाही सोडलेली नाही. तर त्या दिवशी दवाखान्यात, पोरीला आत नेलं होतं, तो माझ्या शेजारी येऊन बसला. माझा हा हात घेतला, उलटा केला, तळवा बघितला. फाटलेलं बघितलं. लाल कुठवर आहे ते मनगटापासून वर कोपरापर्यंत बघितलं. तीस वर्षं ज्युदो खेळलेल्या माणसाला ती खूण वाचायला चष्मा लागत नाही. मग हात परत माझ्या मांडीवर ठेवला, मिटून ठेवला, आणि उठून गेला.

आणि पत्रात काय लिहिलं? वयामुळे वडिलांचा तोल जातो. तुम्हीच वाचून दाखवलंत मघाशी. तोल जातो. सगळं ठाऊक असून. मला पाडलं आणि माझीच बाही धरून ठेवली, मला, ज्याने त्याला ती धरायला शिकवलं. वर्ग तर काढून घ्यायचा, पण म्हातारा झाला म्हणून, पोर सोडली म्हणून नाही. म्हणजे लोक हळहळतील, थुंकणार नाहीत. आणि तिकडे पोरीने वळवळल्याचं घेऊन बसायचं, तर बसू दे, असं? त्याला बापाचं डोकं दिसलं, पोरीचं नाही दिसलं?

घ्या पेन. वरचं ते खोडा. पोर वळवळली, निसटली — खोडा, दोन रेघा मारा, मला दिसू देत. आता लिहा. पोर स्थिर होती. मी तिला सोडलं. माझ्या डाव्या हाताने सोडलं आणि मला वाचवलं. बरोबर तसंच. वाचून दाखवा. हं. खाली अंगठा करतो — नाही, सही येते मला, अर्धी दुसरी शिकलोय. वर्ग ठेवा नाहीतर काढा, तुमचे सात जण काय ते बघतील, मी शुक्रवारी येणार नाही. मला विचाराल तर पोरांना पडायला शिकवणं बंद करू नका, ते मी नसलो तरी चालू ठेवा, फक्त जो कोणी शिकवेल त्याने पोरांना हेही सांगावं की शिकलेला हात कोणाचा नसतो. नातीकडे मी आत्ताच जाणार आहे. तिथे काय बोलायचं ते माझं मी, तो भाग समितीचा नाही, ते लिहायचं नाही.

पावणेपाच झाले, पोरांचे आवाज येताहेत जिन्यात. उठा आता. चपला घाला, आणि दार ओढून घ्या, धूळ येते. अन् हो — एक ओळ वेगळी लिहा, सगळ्यात खाली, जरा जागा सोडून. माझा तोल गेला नव्हता. एकाहत्तरात एकदाही नाही. जमीन गेली, तोल होता. ज्याने हे जाणून दुसरं लिहिलं त्याने माझी माफी मागायची आहे, अजून मागितलेली नाही. समितीने नको. सूनबाईने नको. त्या साबणाच्या पाण्यावाल्या बाईंनी तर नकोच. आणि कोचने असं लिहू नका, कोच खोडा.

लिहा, माझ्या मुलाने.